रुपया हाली की कलदार?

हैदराबाद संस्थानाच्या अंमलात लोहाऱ्याकडील एखादा व्यापारी तूर, करडई किंवा जवस भरलेल्या गाड्या घेऊन सोलापूरच्या पेठेत उतरे, तेव्हा मालाचा भाव ठरण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागणे त्यास आवश्यक असे; तो प्रश्न म्हणजे, बोलण्यात आलेला रुपया हाली की कलदार? निजाम सरकारच्या टांकसाळीत पडलेला तो हाली आणि इंग्रजी अंमलातील तो कलदार. दोहोंचे नाव रुपयाच, दोहोंचे आणेही १६ च. परंतु मोल भिन्न, कारण ठरलेल्या दराप्रमाणे १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै इतके हाली मोजावे लागत, म्हणजे ६ कलदार बरोबर ७ हाली. ज्या कारकुनाने वहीत नुसते ‘रुपये १,०००’ असे लिहून ठेवले, त्याचे अक्षर सुवाच्य आणि बेरीज बिनचूक असली तरी त्याचा हिशेब मात्र अपुरा राही, कारण तो आकडा कोणत्या मुलखाच्या नाण्यात वाचावयाचा, ही एकच गोष्ट त्या वहीत नमूद नसे.

ती नाणी आता चलनात नाहीत. तथापि लोहाऱ्याच्या शिवारात विहिरीवरील मोटारीच्या पेटीत, घराच्या भिंतीवरील वीजमीटरात, महसूल मंडळनिहाय उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रात आणि दारातल्या दुचाकीच्या पोटात जी इवलीशी गणकयंत्रे अहोरात्र काम करीत आहेत, त्यांच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. त्या प्रश्नाचे स्वरूप काय, त्याचे उत्तर धुंडाळणारे परीक्षक-साधन कोणते, आणि ते साधन यथायोग्य बांधून वापरणाऱ्याच्या हाती सुपूर्द करण्याची विद्या कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि त्यातही शेवटच्या विद्येचा विशेष, कारण ती सर्वांत कमी गौरविली गेलेली आहे.

या इवल्या गणकयंत्रांस मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि जी वस्तू मुळात गणकयंत्र नाही अशा वस्तूच्या आत ती कायमची बसविलेली असल्यामुळे त्यांच्या सर्व व्यवस्थेस एम्बेडेड, म्हणजे अंतःस्थापित, असे विशेषण लावतात. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या हाती सामान्यतः पहिल्याने येणारा अर्डुइनो उनो हा फलक घ्या. त्यावरील एटीमेगा ३२८पी ही एव्हीआर कुळातील चकती ८ बिटांची असून तिच्यात आज्ञावली साठविण्यास ३२ किलोबाइट आणि चालू कामाची टिपणे ठेवण्यास अवघी २ किलोबाइट इतकीच जागा असते. मनुष्याने लिहिलेली सी भाषेतील संहिता यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो कंपायलर, तो स्वतःच इतका अवाढव्य असतो की या २ किलोबाइटांत त्याचा अंशही मावणार नाही. यास्तव संहिता लिहिणे, भाषांतरित करणे आणि जोडणे हे सारे काम मेजावरील मोठ्या संगणकावर करावयाचे आणि तयार झालेली आज्ञावली तारेने त्या चकतीत उतरवावयाची, अशी वहिवाट पडली आहे. एका यंत्रावर बसून दुसऱ्याच जातीच्या यंत्रासाठी भाषांतर करण्याच्या या प्रकारास क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. आणि त्यास लागणारा कंपायलर, असेंब्लर, जोडणी करणारा लिंकर, लक्ष्ययंत्राचे ग्रंथालय व दोष शोधणारा डीबगर या सर्वांच्या साखळीस टूलचेन हे नाव आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसृत केलेला जीसीसी हा कंपायलर अशा अनेक साखळ्यांचा मध्यवर्ती दुवा आहे.

आता हाली-कलदाराचा प्रश्न येथे कसा उद्भवतो, ते पाहू. सी भाषेत पूर्णांकासाठी ‘इंट’ हा शब्द आहे; परंतु तो किती मोठा असावा, हे भाषेने एकदाच ठरवून टाकलेले नाही. किमान मर्यादा घालून देऊन उरलेला निर्णय तिने प्रत्येक यंत्रावर सोपविला आहे. मेजावरील आजच्या संगणकावर ‘इंट’ ३२ बिटांचा असतो आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा मावतो. उपरोक्त चकतीच्या टूलचेनमध्ये तोच ‘इंट’ १६ बिटांचा असून त्यात ३२,७६७ च्या पुढील आकडा मावत नाही. शब्द तोच, लिपी तीच, संहिताही अक्षरशः तीच. परंतु एका मुलखात त्याचे मोल वेगळे आणि दुसऱ्या मुलखात वेगळे.

ही भिन्नता व्यवहारात कसा घात करते, याचे उदाहरण शोधण्यास लोहाऱ्याच्या शिवाराबाहेर जाण्याचे कारण नाही. शेतीच्या वाहिन्यांवर दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास अशा पाळीने तीन फेजची वीज सोडण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आली. समजा, एखाद्या होतकरू विद्यार्थ्याने, ज्यास शेतकरी ‘ऑटो’ म्हणतात तसा, वीज येताच मोटार सुरू करणारा आणि ती किती सेकंद चालली याची मोजदाद ठेवणारा एक नियंत्रक तयार केला, आणि ती मोजदाद त्याने ‘इंट’मध्ये ठेवली. दिवसाच्या पाळीचे ८ तास म्हणजे २८,८०० सेकंद. ही संख्या ३२,७६७ च्या आत असल्यामुळे नियंत्रक दिवसभर निर्वेध चालतो, आणि निर्मात्याची खात्री पटते. परंतु रात्रीच्या पाळीचे १० तास म्हणजे ३६,००० सेकंद! तेव्हा मोटार सुरू झाल्यापासून ९ तास ६ मिनिटे ७ सेकंद होताच मोजपात्र काठोकाठ भरते, आणि पुढच्या सेकंदास काय घडावे याची सी भाषा कोणतीही हमी देत नाही. प्रत्यक्षात बहुधा आकडा एकाएकी उणे ३२,७६८ वर जाऊन पडतो आणि ‘इतका वेळ झाला की मोटार बंद कर’ ही आज्ञा, वेळ उणे झाल्यामुळे, पाळलीच जात नाही. उपसा संपून कोरडी पडलेली मोटार पहाटे जळते. आणि दोष विजेचा, मोटारीचा की नशिबाचा, याचा वाद घरात दिवसभर चालतो.

यात विशेष ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन्ही नेहमीच्या चाचण्या या दोषास पकडू शकत नाहीत. हीच संहिता मेजावरील संगणकावर चालवून पाहिली, तर तेथील ‘इंट’ भरण्यास सेकंदाच्या मोजणीने सुमारे ६८ वर्षे लागतील. आणि प्रत्यक्ष चकतीवर दिवसाच्या पाळीत चालवून पाहिली, तर ८ तासांत काहीच बिघडणार नाही. मोठ्या शास्त्रज्ञांच्या हातूनही याच कुळातील प्रमाद घडलेला आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटला, त्याचे कारण ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसविण्याचा प्रयत्न हेच होते. आणि ज्या संहितेत तो प्रयत्न होता, ती एरियान ४ या आधीच्या अग्निबाणावर अनेक वर्षे यशस्वीपणे वापरलेली होती. जुन्या मुलखात खरा ठरलेला हिशेब नव्या मुलखात तपासून न पाहता चालू ठेवला गेला, इतकेच.

लोहारा तालुक्याने आपत्तीचे स्वरूप जवळून पाहिलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारीबरोबर या तालुक्यातील सास्तूर व आसपासची गावेही उद्ध्वस्त केली. भूमीच्या पोटातील भेग कोणासही आधी वाचता आली नाही. परंतु संहितेतील भेग ही मनुष्याच्या हातची असून कागदावर स्पष्ट लिहिलेली असते. ती आधी वाचता येते, आणि म्हणूनच ती न वाचणे हा अपराध ठरतो.

संहिता प्रत्यक्ष न चालविता, केवळ वाचून, तिच्यातील दोष दाखविणाऱ्या साधनास स्थिर-विश्लेषक किंवा सोप्या शब्दांत संहिता-परीक्षक म्हणावे. दुकान चालू न करता केवळ वह्या चाळून अफरातफर हुडकणाऱ्या हिशेबतपासनीसाचेच हे काम आहे. या जातीचे पहिले प्रसिद्ध साधन ‘लिंट’ हे होय. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी ते १९७८ साली रचले, आणि कापडावर चिकटलेले बारीक तंतू असा ज्या शब्दाचा अर्थ, तोच त्यांनी त्यास नाव म्हणून दिला. पुढे हे शास्त्र खूपच वाढले. मोटारगाडीतील संहितेसाठी मिस्रा-सी ही नियमावली १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे पालन तपासण्यासाठी परीक्षक-साधनांची मागणी सर्वत्र निर्माण झाली. स्वीडनमधील डॅनियल मार्यामाकी यांनी २००७ च्या सुमारास आरंभलेले सीपीपीचेक हे मुक्त साधन आज जगभर वापरात आहे. आणि २०२० साली आलेल्या जीसीसीच्या १० व्या आवृत्तीपासून तर खुद्द कंपायलरमध्येच एक विश्लेषक अंतर्भूत झालेला आहे.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा किरकोळ नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संशोधनसंस्थेत एम्बेडेड संहितेसाठीच खास रचलेले टीसीएस एम्बेडेड कोड अ‍ॅनालायझर हे साधन तयार झाले. शून्याने भागाकार, मर्यादेबाहेरचा अनुक्रमांक, मोजपात्र ओसंडणे, असे दोष ते शोधते. याच संस्थेतील व्हेरिअ‍ॅब्स हे पडताळणी-साधन २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय पडताळणी-स्पर्धेत आपल्या गटात प्रथम आले. पवई येथील आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरविद्येवर ग्रंथ लिहून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. त्याच संस्थेतील प्रा. उदय खेडकर व प्रा. अमिताभ सन्याल यांनी सहकाऱ्यासह लिहिलेला डेटा-फ्लो विश्लेषणावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि जीसीसीचे अंतरंग उलगडून दाखविणाऱ्या कार्यशाळा तेथील जीसीसी रिसोर्स सेंटरने भरविल्या. सारांश, परीक्षक कसा घडवावा, याचे उच्च ज्ञान आपल्याच प्रांतात उपलब्ध आहे.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की, उत्तम परीक्षक जगात असणे ही एक गोष्ट आणि तो लोहाऱ्यातील विद्यार्थ्याच्या संगणकावर, त्याच्याच टूलचेनशी सुसंगत होऊन, एका आज्ञेसरशी हजर होणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट होय. औषध शोधून काढणारा वैद्य थोर खरा. तथापि ते योग्य मात्रेत बांधून, वर नाव, घटक व सेवनविधी लिहून, गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचविणारा कोणी नसेल, तर रोग्याच्या दृष्टीने त्या शोधास अस्तित्वच नाही. मूळ संहितेस असे बांधण्याच्या विद्येस पॅकेजिंग म्हणतात. डेबियन, फेडोरा यांसारख्या मुक्त संगणक-वितरणांचा सारा संसार या विद्येवर उभा आहे. आणि १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियनमध्ये एव्हीआर चकत्यांसाठी लागणारा कंपायलर, जोडणीची साधने व ग्रंथालय ही सर्व अशाच बांधलेल्या पॅकेजांच्या रूपाने मिळतात. त्यांच्या जोडीला परीक्षक-साधन बांधावयाचे झाल्यास काय काय पाहावे लागते, याचा तपशील आता देतो.

पहिला विचार तीन यंत्रांचा. पॅकेज ज्या यंत्रावर तयार होते ते एक. तयार झालेले साधन ज्या यंत्रावर चालते ते दुसरे. आणि ज्याच्यासाठी ते काम करते ते तिसरे. जीसीसी ज्या जीएनयू प्रकल्पातला, त्याच्या परंपरेत या तिघांस बिल्ड, होस्ट आणि टार्गेट अशी नावे आहेत, आणि ती आपण अनुक्रमे निर्माणयंत्र, यजमानयंत्र व लक्ष्ययंत्र अशी म्हणू. डेबियनच्या एखाद्या प्रचंड संगणकावर बांधलेले साधन विद्यार्थ्याच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालते आणि तपासते मात्र ८ बिटी चकतीची संहिता, असे तीन भिन्न मुलूख एकाच व्यवहारात येऊ शकतात. कंपायलरच्या बाबतीत तिसऱ्या यंत्राचा विसर पडणे शक्य नाही, कारण चुकीच्या यंत्राची आज्ञावली चकतीवर चालणारच नाही, आणि चूक तत्काळ उघड होईल. परीक्षकाचे तसे नाही. तो कोणतीही आज्ञावली निर्माण करीत नाही. निर्माण करतो तो केवळ अभिप्राय. लक्ष्ययंत्र कोणते हे त्यास कोणी सांगितले नाही, तर तो स्वतः ज्या यजमानयंत्रावर बसला आहे त्याचीच मापे गृहीत धरतो, हाली रुपये कलदार समजून मोजतो, आणि ‘दोष नाही’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. चुकीचा कंपायलर ओरडून सांगतो. चुकीचा परीक्षक मौन पाळतो. या विषयातील मुख्य धोका हा आहे, आणि पॅकेज बांधणाऱ्याचे मुख्य कर्तव्यही यातूनच निष्पन्न होते.

दुसरा विचार मापांच्या पत्रिकांचा. सीपीपीचेकमध्ये ‘शॉर्ट’ किती बाइटांचा, ‘इंट’ किती, ‘लाँग’ किती, पत्ता दर्शविणारा ‘पॉइंटर’ किती, हे सांगणाऱ्या लहान लहान पत्रिका प्रत्येक यंत्रजातीसाठी स्वतंत्र लिहिलेल्या असतात, आणि त्यांत ८ बिटी एव्हीआरचीही एक पत्रिका आहे. या पत्रिका म्हणजे मूळ साधन नव्हे, केवळ आधारसामग्री. म्हणून पॅकेजमध्ये त्यांची जागा मुख्य साधनाहून निराळी, सर्व यंत्रांस समान असणाऱ्या सामग्रीच्या निर्देशिकेत, असावी लागते. साधन बांधताना ही जागा कोणती, हे त्यास न सांगितल्यास ते आपल्या दप्तराचा पत्ता हरवलेल्या कारकुनासारखे सुरू होताक्षणीच तक्रार करून थांबते. अनुभवी पॅकेजकार ही जागा प्रथम निश्चित करतो आणि पत्रिका खरोखरच तेथे पोहोचल्या की नाहीत, याची खातरजमा स्वच्छ, नव्याने उभारलेल्या संगणकावर करतो. स्वतःच्या संगणकावर नव्हे, कारण तेथे जुन्या प्रयत्नांचे अवशेष पडलेले असतात आणि ते खोटा दिलासा देतात.

तिसरा विचार शीर्षसंहितांचा. सी भाषेतील प्रत्येक संहिता आरंभी काही हेडर फाइलींचा हवाला देते. चकतीच्या कोणत्या पायास काय नाव, कोणत्या नोंदवहीचा पत्ता काय, हे सर्व त्यांत असते. यजमानयंत्राची हेडर-निर्देशिका निराळी आणि एव्हीआरच्या ग्रंथालयाची निराळी. परीक्षकाने चुकून यजमानाची पाने उघडली, तर निम्मी नावे त्यास अपरिचित राहतात आणि उरलेली चुकीच्या अर्थाने परिचित होतात. शिवाय चकतीचे नाव सांगताच कंपायलर स्वतःहून काही पूर्वव्याख्या गृहीत धरीत असतो. त्या परीक्षकास ठाऊक नसतात. यावर उत्तम उपाय असा की, अंदाज न करता त्या व्याख्यांची यादी खुद्द कंपायलरकडूनच मागून घ्यावी, आणि प्रकल्प बांधताना प्रत्यक्ष दिलेल्या आज्ञांची नोंद करून तीच परीक्षकापुढे ठेवावी. म्हणजे भाषांतर करणारा आणि तपासणारा हे दोघेही एकाच दस्तऐवजावरून काम करतील.

चौथा विचार परावलंबनाचा आणि अधिकाराचा. साधन कोणत्या अन्य पॅकेजांवाचून चालूच शकत नाही, कोणती असल्यास चांगले आणि कोणती केवळ सुचवावी, अशी तीन प्रतींची नोंद डेबियनमध्ये करावी लागते. परीक्षकास एव्हीआर कंपायलर अनिवार्य ठरविणे सयुक्तिक नाही, कारण तोच परीक्षक आर्म किंवा रिस्क-फाइव्ह या जातींच्या यंत्रांसाठीही उपयोगी पडतो. येथे सूचना पुरेशी आहे. मूळ कर्त्याने सोयीसाठी दुसऱ्याचे एखादे ग्रंथालय आपल्या संहितेत प्रत करून ठेवलेले असल्यास ती प्रत बाजूस सारून वितरणातील सामायिक ग्रंथालय वापरावे, असा दंडक आहे, कारण त्या ग्रंथालयात सुरक्षेचा दोष निघाल्यास तो एकाच ठिकाणी दुरुस्त झाला पाहिजे, दहा घरी लपलेल्या दहा प्रतींत नव्हे. आणि परवाना! सीपीपीचेक जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे; पॅकेजमध्ये प्रत्येक फाइलीचा स्वामी कोण आणि ती कोणत्या अटींवर वापरावयाची, याचा इत्थंभूत दाखला द्यावा लागतो. सातबाराच्या उताऱ्यावाचून जमिनीचा व्यवहार पुरा होत नाही, तसाच या दाखल्यावाचून पॅकेजचा.

पाचवा विचार, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, म्हणजे परीक्षकाच्या परीक्षेचा. पॅकेजसोबत एक जाणूनबुजून सदोष अशी छोटी संहिता ठेवावी. आपल्या मोटारीच्या नियंत्रकाचाच दाखला घेतला, तर १० तासांस ३,६०० ने गुणणारी एकच ओळ पुरेशी आहे. यजमानयंत्राच्या मापांनी पाहता ती ओळ निर्दोष ठरावी आणि एव्हीआरच्या मापांनी पाहता तिच्यावर इशारा यावा. या दोन निकालांत फरक पडला, तरच साधनास लक्ष्ययंत्राची ओळख आहे असे समजावे. पॅकेजची नवी आवृत्ती निघाली की ही कसोटी आपोआप घेतली जाईल, अशी व्यवस्था वितरणांत असते, आणि तिचा उपयोग न करणे म्हणजे तराजू तपासल्यावाचून दुकान उघडणे होय.

याच समस्येस निरनिराळ्या घराण्यांनी निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत. जीसीसीच्या परंपरेत प्रत्येक लक्ष्ययंत्रासाठी स्वतंत्र कंपायलर बांधतात आणि त्याच्या नावाच्या आरंभीच लक्ष्याचा निर्देश करतात; ‘आर्म-नन-ईएबीआय’ अशा उपसर्गात यंत्राची जात, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नसल्याची नोंद आणि दुव्याचे संकेत, एवढे सारे एका दमात येते. क्लँग या कंपायलरमध्ये मात्र एकच साधन अनेक मुलखांच्या भाषा जाणते, आणि त्याच्या विश्लेषकास हवे ते लक्ष्य आज्ञेत सांगता येते. २०१० साली आरंभ झालेल्या योक्टो प्रकल्पात तर बांधणीसाठी लागणारे साधन, विकसकास द्यावयाच्या संचातील साधन आणि प्रत्यक्ष उपकरणात जाणारे साधन, यांस वेगवेगळी नावे देऊन एकाच कृतीपत्रिकेतून तिन्ही रूपे निर्माण करण्याची सोय ठेवलेली आहे. मार्ग भिन्न असले तरी मुलूख कोणता, हे नावातच लिहून ठेवावे, हा विवेक सर्वत्र समान दिसतो.

येथे एक सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, कोणताही परीक्षक सर्वज्ञ नसतो. कोणत्याही आज्ञावलीचे वर्तन अचूक ओळखणारे सार्वत्रिक साधन असूच शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या व हेन्री राइस यांच्या १९५३ च्या सिद्धान्तांनी ठरवून टाकलेले आहे. म्हणून परीक्षक कधी खरा दोष सोडतो, तर कधी निर्दोष ओळीवर बोट ठेवतो. एम्बेडेड संहितेत तर खंडप्रसंगी, म्हणजे बाहेरील संकेत येताच, खुद्द यंत्राकडून पाचारण होणारी काही कार्ये असतात. संहितेत त्यांस कोणीच बोलावीत नसल्यामुळे अजाण परीक्षक ती निरुपयोगी म्हणून दाखवितो. वापरणारा अशा खोट्या इशाऱ्यांनी एकदा कंटाळला की खऱ्या इशाऱ्याकडेही पाहीनासा होतो. यास्तव लक्ष्ययंत्राच्या टूलचेनशी परीक्षकाची ओळख करून देणारे वर्णन जितके परिपूर्ण, तितके खोटे इशारे कमी; आणि ते वर्णन परिपूर्ण करणे हे मूळ कर्त्याइतकेच पॅकेजकाराचेही काम आहे.

हे काम एकदा करून संपत नाही. कंपायलरची आवृत्ती पालटते, चकतीची नवी जात बाजारात येते, मूळ साधनाची रचना बदलते. आणि प्रत्येक वेळी गाठोडे पुन्हा सोडून पुन्हा बांधावे लागते. भारतातच आज नव्या प्रक्रियकांची निर्मिती होत आहे; पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकची वेगा ही मालिका आणि आयआयटी मद्रासची शक्ती ही मालिका, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीवर आधारलेल्या आहेत. प्रक्रियक आपला, पण त्याच्या संहितेचा परीक्षक कोणी बांधून ठेवलेला नाही, अशी अवस्था राहणे इष्ट नव्हे. या सेवेचे दरवाजे कोणासही बंद नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोराच्या विकसकांचे व वापरकर्त्यांचे संमेलन भरले होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद प्रथमच भारतात, कोची येथे, झाली. तेथे पदवी कोणती, गाव कोणते, हे विचारण्याची रीत नाही. बांधलेले पॅकेज नीट उभे राहते की नाही, एवढेच पाहिले जाते.

स्वामी रामानंद तीर्थ ज्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, ती हिप्परग्याची शाळा याच लोहारा तालुक्यातील. आपले शिक्षण आपल्या लोकांच्या हाती असावे, या निष्ठेने ती शाळा चालली. आज शिवारातील यंत्रे आपल्या नकळत आपले पाणी, आपली वीज आणि आपल्या पावसाचा हिशेब ठेवीत असताना, त्या यंत्रांच्या संहितेची तपासणीही आपल्या लोकांस करता येणे, हा त्याच निष्ठेचा आजचा अर्थ आहे, असे मला वाटते.

म्हणून लोहारा, उमरगा, तुळजापूर, धाराशिव येथील ज्या तरुणांच्या हाती अशा चकत्या आहेत, त्यांस माझी विनंती आहे की, आपण लिहिलेली पुढची संहिता चकतीत उतरविण्यापूर्वी ती परीक्षकाकडून एकदा वाचून घ्यावी, आणि वाचावयास देताना लक्ष्ययंत्राचे नाव त्यास न विसरता सांगावे. परीक्षकाचे पॅकेज अपुरे आढळल्यास नुसती तक्रार करून न थांबता, उणी पत्रिका लिहून ती सर्वांसाठी पाठवून द्यावी. ‘इंट’ किती बिटांचा, हे ठाऊक असल्याखेरीज कोणताही आकडा खरा मानू नये.